पांढरी कॉलर उतरवून ठेवली तेव्हा : अपक्ष उमेदवारीचा अनुभव

मी नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी चर्चचा, आमच्या भाषेत मंडळीचा, पाळक आहे. त्याआधी खो-खो खेळायचो. महाराष्ट्राच्या संघातून दोन राष्ट्रीय स्पर्धा खेळलो, मग गुडघा गेला. २०२४ ची विधानसभा निवडणूक मी अपक्ष म्हणून लढवली आणि हरलो. पक्षाच्या उमेदवारामागे वकील असतात, जुने कार्यकर्ते असतात. अपक्षाला साधी माहिती मिळवायलाही चार दारं फिरावी लागतात. माझ्यासारखं कुणी उभं राहणार असेल, तर त्याच्या फेऱ्या वाचाव्यात म्हणून हे तारीखवार लिहून ठेवतो आहे.

कारण मोठं नव्हतं. पहाटे साडेपाचला मी मुलामुलींना खो-खो शिकवतो. पंधरा वर्षं झाली. मैदान शाळेचं, त्यातही अर्ध्यावर बांधकामाची खडी पडलेली. तालुका क्रीडा संकुलाच्या भिंती उभ्या आहेत, फाटकाला कुलूप आहे. त्या कुलपासाठी चार वर्षं अर्ज केले. शेवटी एका अधिकाऱ्यानं मला चहा पाजून शांतपणे सांगितलं, "पाळकसाहेब, हे वरून हललं तरच हलेल." त्या दिवशी घरी जाताना उभं राहायचं मनात आलं.

ऑगस्टमध्ये मंडळीच्या कमिटीपुढे विषय ठेवला. तीन बैठका झाल्या आणि तिन्ही जड गेल्या. वडीलधाऱ्यांना भीती होती की आपण मूठभर माणसं, कशाला डोळ्यांवर यायचं? पाळकानं राजकारणात पडावं का, हा दुसरा प्रश्न. मी त्यांना शिलाँगच्या रेव्ह. निकोल्स रॉय यांच्याबद्दल सांगितलं. ते खासी पाळक होते, घटना समितीचे सदस्य होते, आणि डोंगरी आदिवासींसाठीच्या घटनेतल्या सहाव्या अनुसूचीमागे त्यांचा मोठा वाटा होता. खेळाडूंचं म्हणाल तर १९२८ च्या ॲम्स्टरडॅम ऑलिंपिकला भारतीय हॉकी संघाचे कर्णधार असलेले जयपालसिंग मुंडा त्याच घटना समितीत आदिवासींची बाजू मांडत होते. ही नावं मी स्वतःला त्यांच्या रांगेत बसवायला घेतली नाहीत. हा रस्ता पाळकाला किंवा खेळाडूला बंद नाही, एवढंच मला दाखवायचं होतं. तिसऱ्या बैठकीत तीन अटींवर परवानगी मिळाली : निकाल लागेपर्यंत बिनपगारी रजा, चर्चच्या व्यासपीठावर उभं राहायचं नाही, आणि मंडळीचा एक रुपया किंवा एक खुर्चीही वापरायची नाही. या अटी त्यांनी घातल्या नसत्या तरी मी मागून घेतल्या असत्या. १ ऑक्टोबरपासून रजा सुरू झाली. त्यानंतरचे रविवार मी उपासनेला मागच्या बाकावर बसलो.

कोणताही धर्मोपदेशक उभा राहणार असेल, तर त्यानं लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ चं कलम १२३ आधी वाचावं. उमेदवाराच्या किंवा मतदाराच्या धर्माच्या आधारावर मत मागणं हा भ्रष्टाचार ठरतो. मत दिलं नाही तर देवाचा कोप होईल असं कुणाला भासवणं, तोही. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी २ जानेवारी २०१७ ला चार विरुद्ध तीन मतांनी या तरतुदीचा अर्थ आणखी व्यापक केला. मंदिर, मशीद, चर्च यांपैकी कुठलीही जागा प्रचाराला वापरायची नाही, हे आचारसंहितेतही आहे. मी हे सगळं वहीत उतरवून काढलं आणि प्रचाराला येणाऱ्या प्रत्येकाकडून मोठ्यानं वाचून घेतलं.

१५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली. अर्ज २२ ते २९ ऑक्टोबर, छाननी ३०, माघार ४ नोव्हेंबर, मतदान २०, मोजणी २३. मध्ये दिवाळी. जाहीर झाल्यावर तयारी करू असं म्हणणाऱ्याची दमछाक होणारच. सुट्ट्यांच्या दिवशी अर्ज घेत नाहीत, आणि एरवीही फक्त सकाळी ११ ते दुपारी ३.

पहिलं काम बँकेचं. निवडणूक खर्चासाठी वेगळं खातं लागतं, आणि ते अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. बँकेत मला "पुढच्या आठवड्यात या" असं उत्तर मिळालं. मी दुसऱ्या दिवशी उमेदवारांची खाती प्राधान्यानं उघडून द्यावीत या आयोगाच्या सूचनेची प्रत घेऊन गेलो. दीड तासात खातं झालं. ही प्रत जवळ ठेवा, भांडायची गरज पडत नाही.

दुसरं काम सूचकांचं, म्हणजे अर्जावर सही करून आपलं नाव सुचवणाऱ्यांचं. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार असावे लागतात. मी मैदानावरच्या ओळखीतून माणसं निवडली : मुलांचे पालक, एक निवृत्त क्रीडाशिक्षक, दूध संकलनवाला, एक अंगणवाडी सेविका. दहांत ख्रिस्ती चार. एका सूचकाला भावकीनं बसवलं, तो रात्री नऊला येऊन रडत म्हणाला, "सर, माफ करा." एकीचं नाव लग्नानंतर शेजारच्या मतदारसंघात गेलं होतं आणि तिला स्वतःलाच ते माहीत नव्हतं. म्हणून चौदा-पंधरा जणांशी बोलून ठेवा आणि प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक व अनुक्रमांक ताज्या मतदार यादीत स्वतः बघा. जुन्या यादीवरचे माझे तीन क्रमांक चुकलेले निघाले.

सगळ्यात जास्त वेळ शपथपत्रानं घेतला. नमुना २६. स्वतःचं, पत्नीचं आणि अवलंबितांचं उत्पन्न, पॅन, पाच वर्षांची विवरणपत्रं, ठेवी, विमा, दागिने, जमीन, कर्ज, गुन्हे, शिक्षण, समाजमाध्यमांवरची खाती, सगळं लिहायचं. एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही. जिथे काही नाही तिथे 'निरंक' किंवा 'लागू नाही'. रकाना कोरा राहिला आणि नोटिशीनंतरही भरला नाही, तर अर्ज बाद होऊ शकतो. आम्ही पाळकगृहात राहतो, स्वतःचं घर नाही. गावाकडच्या सामाईक जमिनीतला माझा हिस्सा तीस गुंठे. हिच्या दागिन्यांचं वजन आम्हाला माहीत नव्हतं. लग्नाला तेवीस वर्षं झाली, कधी तोलायची वेळच आली नव्हती. सराफानं तोलून चिठ्ठी दिली : दोन तोळे तीन ग्रॅम. परतताना ही म्हणाली, "अहो, आता हे सगळ्या गावाला कळणार ना?" कळणार होतंच, कारण शपथपत्र आयोगाच्या संकेतस्थळावर जातं. उभं राहायच्या निर्णयाची किंमत घरातलं दुसरं माणूसही मोजतं, आणि ते मी तिला आधी सांगायला हवं होतं. ते माझं चुकलं.

फोटोचंही सांगतो. गेल्या तीन महिन्यांतला हवा, पार्श्वभूमी पांढरी, टोपी नको, काळा चष्मा नको, गणवेश नको. स्टुडिओवाल्यानं विचारलं, "पाळकसाहेब, ही गळ्यातली पट्टी गणवेशात धरायची का?" मी नियम पुन्हा वाचला. पट्टीबद्दल त्यात काही नव्हतं. पण हा फोटो मतदान यंत्रावर लागतो, आणि मतदाराचं बोट बटणावर असताना माझी कॉलर त्याच्या डोळ्यांसमोर असावी हे मला पटेना. ती काढून खिशात ठेवली, साधा निळा शर्ट घातला. नावाआधी 'रेव्ह.' ही लिहिलं नाही.

२५ ऑक्टोबर, शुक्रवारी अर्ज भरला. कार्यालयाच्या १०० मीटरच्या आत तीनच वाहनं आणि दालनात उमेदवार धरून पाचच माणसं चालतात. अनामत १०,००० रुपये. अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,०००. माझे पणजोबा महारवाड्यातून मंडळीत आले. पण १९५० च्या आदेशानुसार ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीत गणला जात नाही, म्हणून मी पूर्ण १०,००० भरले. तो फरक पाच हजारांचाच होता, तरी पावती हातात घेताना पणजोबांची आठवण आली आणि गळा दाटला. वाडा वेगळा होता तो काही धर्म बदलल्यानं गावच्या मध्यभागी आला नव्हता.

अर्ज दिल्यावर तिथेच संविधानावरील निष्ठेची शपथ घ्यावी लागते. ही शपथ छाननीच्या दिवसाआधी व्हायला हवी, ती राहिली म्हणूनही अर्ज बाद होतो. कागदावर दोन पर्याय असतात : 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो'. लिपिकानं गृहीत धरून पहिल्यावर बोट ठेवलं. मी दृढकथन निवडलं. शपथा वाहू नयेत, आपला 'होय' हा होयच असावा, असं मी पंचवीस वर्षं लोकांना शिकवत आलो आहे. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मग कागद पुढे सरकवला. निघताना पावती, छाननीची सूचना आणि त्रुटींची तपासणी सूची सही-शिक्क्यासह मागून घ्या.

छाननीला एकानं आक्षेप घेतला की मी पगारी पाळक आहे, म्हणजे लाभाचं पद आहे, म्हणून उभं राहता येत नाही. मी राज्यघटनेच्या अनुच्छेद १९१ ची प्रत नेली होती. लाभाचं पद सरकारच्या अखत्यारीतलं असावं लागतं, आणि माझा पगार मंडळी देते. दहा मिनिटांत आक्षेप फेटाळला गेला. माझ्या मागच्या खुर्चीवर बसलेल्या एका अपक्षाचा अर्ज मात्र बाद झाला, त्याच्याकडे नऊच सूचक होते. तो मुलगा माझ्या थोरल्या मुलाहून काही वर्षांनीच मोठा असेल. बाहेर त्याला पाणी दिलं, बोलायला सुचलं नाही.

४ नोव्हेंबरला दुपारी तीनला माघारीची वेळ संपली आणि चिन्हवाटप झालं. अपक्षानं मुक्त चिन्हांतून तीन पसंती द्यायच्या असतात. आमच्यातल्या एका तरुणानं आग्रहानं बॅटरी टॉर्च सुचवली होती, बायबलमधलं प्रकाशाचं वचन लोकांना आपोआप आठवेल म्हणून. नेमक्या त्याच कारणासाठी मी ती घेतली नाही. पहिली पसंती बॅट दिली. ती आणखी एकानं मागितली होती, चिठ्ठी टाकली, त्याला गेली. मला दुसऱ्या पसंतीची बादली मिळाली. ज्या भागात उन्हाळ्यात टँकरची वाट बघत बायका ओळीनं बादल्या मांडतात, तिथे हे चिन्ह समजावून सांगावं लागलं नाही.

प्रचाराला मिळाले चौदा दिवस, १८ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सहापर्यंत. पत्रकावर मुद्रक आणि प्रकाशक यांची नावं-पत्ते छापणं बंधनकारक आहे. प्रकाशकाला दोन ओळखीच्यांनी साक्षांकित केलेलं घोषणापत्र छापखान्यात द्यावं लागतं. वाहनाचा परवाना मूळ प्रतीतच काचेवर लावायचा, झेरॉक्स चालत नाही. ध्वनिवर्धक रात्री दहा ते सकाळी सहा बंद. या परवानग्या आयोगाच्या 'सुविधा' पोर्टलवरून मागता येतात, पण आमच्याकडे नेट गेलं की सगळं थांबायचं, म्हणून दोन दिवस आधीच अर्ज टाकत होतो.

खर्चाची मर्यादा ४० लाख. माझ्याकडे त्याच्या दहाव्या भागाइतकेही नव्हते. बचतीतले ९०,०००, मेहुण्यानं दिलेले ५०,०००, आणि मैदानावरच्या पालकांनी पाचशे-हजार करून जमवलेले ५८,५००. अमेरिकेत स्थायिक झालेला, आता तिथला नागरिक असलेला एक जुना संघमित्र पैसे पाठवायला निघाला होता. त्याला नाही म्हणालो, कारण उमेदवाराला विदेशी देणगी घेता येत नाही. त्याला वाईट वाटलं. रोज संध्याकाळी सामन्यानंतर घरी फोन करून "मारली का रे बाजी?" विचारणारा माणूस तो.

खर्चाची नोंदवही तीन रंगांची असते : पांढरी पानं रोजच्या खर्चाची, गुलाबी रोकडीची, पिवळी बँकेची. प्रचारकाळात तीनदा ती तपासायला न्यावी लागते. निवडणूक कार्यालयही आपल्या बाजूनं नोंद ठेवतं आणि दोन्ही ताडून बघतं. पहिल्या तपासणीत माझी चूक निघाली. एका पालकानं सभेसाठी चाळीस खुर्च्या फुकट दिल्या होत्या, मी लिहिल्या नव्हत्या. फुकट मिळालेली वस्तूही जिल्ह्याच्या ठरलेल्या दरानं खर्चात धरावी लागते. त्यानंतर बायकांनी घरून करून आणलेले पोहेसुद्धा लिहिले. एका व्यक्तीला दिवसात १०,००० पेक्षा जास्त रोख देता येत नाही. हिशेब रोज रात्री झोपण्याआधी लिहा. दोन दिवस साचला की चहाची संख्या आठवत नाही.

दारोदारचं चालणं गुडघ्यानं सोसलं. सोसवत नव्हतं ते वेगळंच. एका गावी पारावर एकानं सगळ्यांदेखत विचारलं, "निवडून आल्यावर आमची पोरं बाटवणार का?" पंधरा वर्षं त्या गावची मुलं माझ्याकडे खेळतात. मी सांगितलं, "तुमच्या पोरांना मी पाटीत बसायला, खो द्यायला, सूर मारायला शिकवलं. आणखी काय शिकवलं ते त्यांनाच विचारा." गर्दीतून एक मुलगी पुढे आली. जिल्हा संघात खेळलेली, आता डी.एड. करते. ती म्हणाली, "सरांनी मला बूट घेऊन दिले होते. बाकी काही नाही." पार गप्प झाला. त्या रात्री मला झोप लागली नाही. विचारणाऱ्याचा राग नव्हता आला. तिला माझ्यासाठी असं सगळ्यांसमोर उभं राहावं लागलं, याचं वाईट वाटत होतं.

दुसरा प्रसंग १२ नोव्हेंबरचा. एका वस्तीवर एक आजी ओळखीच्या निघाल्या, माळकरी. नातू दवाखान्यात होता. माझा हात धरून म्हणाल्या, "महाराज, तुमच्या देवाला दोन शब्द सांगा की." माझ्या हातात बादलीची पत्रकं होती. पाळक म्हणून आयुष्यात ज्या मागणीला कधी नाही म्हटलं नाही, तिला मी त्या दारात म्हटलं, "आजी, आत्ता मी मत मागायला आलोय. मत आणि प्रार्थना एकाच दारात मागू-देऊ नये. निवडणूक झाली की येतो." त्यांना ते कळलं नाही. पदर डोळ्यांना लावून आत गेल्या. या चौदा दिवसांत त्याहून जड पाऊल मी टाकलं नाही, आणि आजही ते बरोबर होतं की नव्हतं याचं उत्तर माझ्याकडे नाही.

२० तारखेला पहाटे साडेपाचला अभिरूप, म्हणजे यंत्र तपासायचं चाचणी मतदान असतं, तेव्हा मतदान प्रतिनिधी हजर हवा. तीनशेवर केंद्रं, माझे प्रतिनिधी एकेचाळीस. बहुतेक खेळाडू मुलं. संध्याकाळी केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-ग ची प्रत घ्यायला विसरू नका, असं त्यांना तीनदा बजावलं होतं. अडतीस जणांनी आणली. किती मतं पडली याचा तो सहीचा हिशेब असतो.

२३ ला मोजणी. आठला टपाली मतं, साडेआठपासून यंत्रं. आत मोबाइल चालत नाही, कागद-पेन्सिल न्या. चौथ्या फेरीतच चित्र स्पष्ट झालं. मला १,९१३ मतं पडली. वैध मतांच्या एक षष्ठांश मतं नसली की अनामत जप्त होते, तशी माझी झाली. बाहेर गुलाल होता. विजयी उमेदवाराच्या लोकांनी मला रस्ता करून दिला, एकानं पाठीवर हात ठेवला. घरी आलो तर हिनं पिठलं-भाकरी केली होती. जेवताना आम्ही केंद्रवार आकडे वाचत बसलो. ज्या पारावर तो प्रश्न आला होता, तिथे ६४ मतं होती.

२४ ला रविवार होता. उपासना झाल्यावर कॉलर लावली आणि पत्रकांची पिशवी घरी ठेवून आजींच्या वस्तीवर गेलो. नातू घरी आला होता, अशक्त होता. आजी आधी म्हणाल्या, "मी मत नव्हतं दिलं हं तुम्हाला." मी म्हटलं, चालेल. मग त्यांनी नातवाला उठवून बसवलं.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे द्यावा लागतो. हरलेल्यानंही. न दिल्यास तीन वर्षं अपात्रता येऊ शकते, आणि अनेक अपक्ष इथेच चुकतात, कारण हरल्यावर त्या वहीकडे बघवत नाही. मी १९ डिसेंबरला दिला : एकूण खर्च १,९४,३८८ रुपये, त्यात फुकट मिळालेल्या वस्तूंचे धरलेले ९,००० आले. प्रमाणकं (खर्चाच्या पावत्या) क्रमानं लावलेली, प्रत्येकावर सही, सोबत बँकेचं विवरण आणि शपथपत्र. पोच घेतली. खात्यात उरलेले १३,११२ रुपये पालकांच्या यादीवरून ज्याचे त्याला हिश्श्यानं परत केले. तिघांनी घेतले नाहीत, त्यांचे मैदानाच्या चुन्याला आणि दोऱ्यांना लागले.

संकुलाला अजून कुलूप आहे. नव्या आमदारांकडे अर्ज दिला आहे, आवक क्रमांक वहीत लिहून ठेवला आहे. मी सकाळी साडेपाच ते सात शाळेच्या मैदानावर असतो. शपथपत्राची आणि तीन रंगी नोंदवहीची झेरॉक्स माझ्याकडे आहे. कुणाला बघायची असेल तर या, फक्त सराव संपेपर्यंत थांबावं लागेल.